मालनचे लाल मणी

"बाई, ही घाण माझ्या लॅबमध्ये नको," आत्माराम सर नाकाला रुमाल लावून म्हणाले. "सोमवारपर्यंत टेबल रिकामं करा."

"घाण नाही सर, कोळंबीची टरफलं आहेत," मालन म्हणाली. सर रसायनशास्त्राचे विभागप्रमुख, ती साधी डेमॉन्स्ट्रेटर. पण तिची जीभ कुणाच्या हाताखाली नव्हती.

टरफलं तिच्या आईनं, गोदूबाईनं, फॅक्टरीत कोळंबी सोलता सोलता जमवलेली. आम्लात नि कॉस्टिक सोड्यात उकळून मालन त्यांचा चिकट लगदा करी, त्यात क्षयाचं लाल औषध मिसळी आणि सुईतून थेंब थेंब सोडून साबुदाण्याएवढे मणी पाडी. ते दुसऱ्या द्रावणात मुरवून घट्ट करायचे, म्हणजे पोटात औषध एकदम न सांडता हळूहळू झिरपतं. तिचा बाप भागोजी, होडीवरचा खलाशी, क्षयाची गोळी घेतली की भडाभडा ओकायचा. शेवटी कंटाळून त्यानं गोळ्या खाडीत भिरकावल्या आणि वर्षाच्या आत गेला. त्या गोळीवर मालनचा अजून राग होता.

सरांसमोर तिनं मणी पाण्यात टाकले. बघता बघता पाणी लालभडक झालं.

"झालं समाधान?" म्हणून सर निघून गेले.

उरलेला मणी तिनं भिंगाखाली धरला. अंगभर चिरा! मणी तिनं कॉलेजमागच्या तापल्या कातळावर वाळवले होते. घरी जवळा, बांगडे, सगळं कातळावरच वाळायचं. हात आपसूक तिकडेच गेला होता. तिला स्वतःचाच संताप आला, मग हसू फुटलं. चूक मण्यांची नव्हती तर!

नवे मणी तिनं सावलीत सुकवले. सोमवारी सकाळी ते सरांसमोर पाण्यात टाकले, तरी पाणी नितळच राहिलं. दुपारी कुठे किंचित गुलाबी झालं. सर बराच वेळ वाकून बघत होते.

"टेबल राहू दे," ते म्हणाले. "पण टरफलं मागच्या दारानं आणायची."

बोलत बोलत दोघं कॉलेजच्या पुढच्या दाराशी आली, तर पायरीशी गोदूबाईच उभी, डोक्यावर टरफलांची टोपली.

"गो मालन, शिपाय बोलतो मागल्या दारान जा. पानी गळताय ना."

"नाय आये, हितनंच ये."

मालननं टोपलीला हात लावला. दोघी सरांच्या समोरून, पुढच्या दारानं आत शिरल्या. फरशीवर लॅबपर्यंत ओल्या थेंबांची रांग उमटली. शिपाई फडकं घेऊन धावला.

"राहू दे," मालन म्हणाली. "वाळेल आपोआप."