हललं की फोटो

नवं सॉफ्टवेअर भरलेलं कार्ड आत सारलं आणि कॅमेऱ्याचा पडदा काळा झाला. कमलाकररावांनी सगळी बटणं दाबून पाहिली. पाटबंधारे ऑफिसातल्या मंडळींनी निरोप समारंभात दिलेला कॅमेरा. गेला की काय!

"म्हटलं होतं ना मी, बाबा," फोनवरून सलील म्हणाला. "ते कंपनीचं सॉफ्टवेअर नाही, कोण्या हौशी पोरांनी बनवलेलं आहे. कायले भानगडीत पडता? फुलंच तर चोरी जाऊन राह्यली."

तेवढ्यात पडदा उजळला. कधी न पाहिलेली यादी आली, आणि तिच्यात त्यांना हवं होतं तेही होतं. समोर काही हललं की कॅमेरा आपोआप फोटो काढणार.

त्यांच्या पत्नी रत्नप्रभाबाईंना जाऊन दोन वर्षं झाली होती. पुसदच्या त्या घरात कमलाकरराव एकटेच. बाईंची जास्वंद मात्र रोज फुलायची, आणि ते सकाळी फिरून येईपर्यंत कोणीतरी फुलं खुडून न्यायचं. आता निघण्याआधी ते कॅमेरा खिडकीत लावून ठेवू लागले.

आठवडाभराचे फोटो त्यांनी रविवारी पाहिले. जाताना स्वतःची पाठ, येताना स्वतःचा चेहरा. आणि मधल्या वेळात, रोज, लालीबाई. गावाबाहेरच्या बंजारा तांड्यावरून भाजी विकायला येणारी. रत्नप्रभाबाई तिच्याशी तासन्‌तास बोलत बसायच्या. फोटोत ती फुलं खुडून झाल्यावर पायरीवर बसलेली होती. एकटीच. फोटोंवरच्या वेळा पाहिल्या, तर वीस वीस मिनिटं.

दुसऱ्या दिवशी ते फिरायला गेले नाहीत. दोन कप चहा टाकला. फाटक वाजताच बाहेर आले.

"लालीबाई, तुमचा फोटो आला न माझ्या कॅमेऱ्यात!" आनंदाच्या भरात तेच तोंडून निघालं.

तिचा हात फांदीवरच थांबला. "चोरून नाई नेत मी, साहेब. बाईनंच सांगितलं होतं मले, लागतीन तवढे ने म्हणून."

"अवं, तसं नाही म्हणून राह्यलो मी. बसा, चहा..."

तिनं पदरातली फुलं पायरीवर ठेवली. भाजीची टोपली डोक्यावर घेतली आणि जाताना फाटक नीट लावून घेतलं.

त्यानंतर ती आली नाही. एकदा तिची हाळी पलीकडच्या गल्लीतून ऐकू आली. ते चप्पल घालून निघेपर्यंत आवाज दूर गेला होता.

पुढच्या रविवारी सलीलनं विचारलं, "काय बाबा, थांबली का चोरी?"

"थांबली."

"बरं झालं. ठेवतो मग."

कमलाकरराव अंगणात उतरले आणि झाडाखाली मिटून पडलेली फुलं एकेक वेचू लागले.