तिसऱ्या परिच्छेदातली तार

गडमुडशिंगीच्या आकाराम तात्यांची म्हैस मेली, तेव्हा कोल्हापुरातल्या एका न्यूज पोर्टलनं मथळा दिला : ‘डॉक्टरच्या इंजेक्शननंतर म्हैस दगावली’. मथळ्यात खोटं काही नव्हतं. इंजेक्शन दिलं होतं आणि म्हैसही दगावली होती. तात्यांनी त्या दिवशी दाढीही केली होती, ती तेवढी मथळ्यात बसली नसावी.

तिसऱ्या परिच्छेदात शवविच्छेदनाचा अहवाल होता. चरताना पोटात गेलेली तार काळजापर्यंत रुतली होती. तसल्याच तारेचे तुकडे स्टँडसमोरच्या हार्डवेअर दुकानामागच्या कचऱ्यात मिळाले. पण तिसऱ्या परिच्छेदापर्यंत जायला बोट दोनदा सरकवावं लागतं आणि कमेंटचं बटण तर मथळ्याखालीच होतं.

ते सगळ्यांत आधी दाबलं धैर्यशील शेटनं. ‘असल्या डॉक्टरीणबाईला गोठ्यात पाय ठेवू देऊ नका.’ मग ‘डिग्री तपासा.’ शेट तालमीला वर्गणी भरपूर द्यायचा, त्यामुळं तालमीतल्या पोरांनी खाली री ओढली. बघता बघता त्या डॉक्टरला, म्हणजे प्रियदर्शनीला, गोठ्यांवरून येणारे फोन थांबले. दूध संस्थेचा निरोप आला : तुमचं काम चालू ठेवायचं का, ते मंगळवारच्या बैठकीत ठरवू. त्या कामावर तिचं घर चालत होतं. शेट रस्त्यात भेटला की मात्र हसून विचारायचा, “काय ताई, बरं हाय न्हवं?”

प्रियदर्शनीची धाकटी बहीण सोनम त्याच पोर्टलवर कमेंटींवर लक्ष ठेवायच्या नोकरीला होती.

“ताई, उडवू का त्याच्या कमेंटी?”

“एक पण उडवायची न्हाय. त्याला बातमी वाचायला लावायची.”

“त्यो वाचंल व्हय?”

“न वाचता लिवंल. मग तर लईच चांगलं.”

सोनमनं मालकांपुढं प्रस्ताव ठेवला : चर्चेचा दर्जा सुधारण्यासाठी, कमेंट करण्याआधी वाचकानं बातमीवरच्या एका प्रश्नाचं उत्तर द्यावं आणि ते उत्तर कमेंटच्या वर छापलं जावं. दर्जाचं मालकांना फारसं कळलं नाही. पण उत्तर शोधायला लोक बातमी पुन्हा उघडतील आणि जाहिराती पुन्हा दिसतील, हे लगेच कळलं. दुसऱ्या दिवशी नियम लागू झाला. म्हशीच्या बातमीखालचा प्रश्न प्रियदर्शनीनं सांगितला तसा होता : तार कुठून आली?

शेटनं फोन बायकोकडं दिला. “मोना, ह्यांनी काय परीक्षा लावलीया बघ. उत्तर घाल तेवढं.”

मोनावहिनींनी बोट दोनदा सरकवलं. “अवो, हे वाचलंय का तुम्ही?”

“गिऱ्हाईक उभं हाय, मी वाचत बसू व्हय? घाल आणि आण इकडं.”

वहिनींनी उत्तर घातलं. शेटनं खिळे तोलता तोलता कमेंट टाकली. पोर्टलवर सगळं मिळून असं दिसलं :

‘या वाचकाचं उत्तर : स्टँडसमोरच्या हार्डवेअर दुकानामागच्या कचऱ्यातून. बरोबर.

मी बातमी पूर्ण वाचली आहे. जो जबाबदार असेल त्याच्याकडून तात्यांना तसलीच म्हैस घेऊन द्या. न दिल्यास गावाने त्याच्याशी व्यवहार बंद करावा. — धैर्यशील’

पहिला लाइक प्रियदर्शनीनं दिला. तालमीतल्या पोरांनी नेहमीप्रमाणं न वाचता पाठिंबा दिला. ‘शेट म्हणतील तसं,’ असंही एकानं लिहिलं. स्टँडसमोर हार्डवेअरचं दुकान एकच होतं, शेटचं.

मंगळवारी संस्थेच्या बैठकीत चेअरमन पिराजीअण्णांनी ती कमेंट दोनदा मोठ्यानं वाचली. दुसऱ्यांदा केवळ आनंदासाठी. प्रियदर्शनीचं काम कायम राहिलं. नवी म्हैस तिनंच पारखून घ्यावी, असंही ठरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या शेटच्या दुकानात जाऊन बसले.

“शेट, तुम्ही लिवलंय, म्हणून आलोय.”

“तात्या, ते मी त्या बाईसाठी लिवलंतं की.”

“मग पुरी बातमी वाचलीया म्हणता ते?”

शेटनं बराच विचार केला. न वाचता लिहितो, हे तालमीसमोर कबूल करण्यापेक्षा म्हैस स्वस्त पडत होती.

वडगावच्या बाजारात शेट स्वस्तातली म्हैस दाखवायचा आणि प्रियदर्शनी मन लावून तपासायची.

“ही बघा ताई. गरीब हाय.”

“हिच्या सडात गाठ हाय.”

“मग ही?”

“विकणारा तिसरं वेत म्हणतोय. दात बघा, म्हातारी हाय.”

“ही तरी?”

“ही लंगडती. तुमच्याकडं बघून थांबली म्हणून कळंना.”

एकाही म्हशीबद्दल ती खोटं बोलली नाही. ऊन डोक्यावर आलं, शेटचा टॉवेल भिजला. शेवटी बाजारातल्या सगळ्यांत महाग म्हशीपाशी तिनं मान डोलावली.

“एवढी भारी कशाला ओ ताई?”

“तात्यांची अशीच व्हती. तसलीच द्या, म्हणून तुम्हीच लिवलंय.”

म्हैस टेम्पोत चढली. शेट आवाज खाली आणून म्हणाला, “आता ती कमेंट काढायला सांगा की सोनमला.”

“ऱ्हाऊ द्या. चांगली हाय, माझी काय तक्रार न्हाय,” प्रियदर्शनी हात धूत म्हणाली. “तुम्ही दुकानामागचं तेवढं साफ करून घ्या. ही पण तिकडंच चरायला येणार हाय.”