सुहासिनीबाईंची ‘शी-सान’ दाढ

मित्रांनो, मी एक जुना, पिवळा पडलेला संगणक आहे. टोकियोतल्या फुनाबोरीत ओगावा सेन्सेईंच्या, म्हणजे ओगावा डॉक्टरांच्या, दातांच्या दवाखान्यात मी १९९२ साली कामाला लागलो. कारखान्यातून निघताना वाटलं होतं, आपण अवकाशात यानं सोडणार. वाट्याला आल्या दाढा!

पण काम मानाचं होतं. सेन्सेई रुग्णाच्या तोंडात डोकावून कोड सांगायचे आणि त्यांच्या मदतनीस मोरी-सान (‘सान’ म्हणजे आपलं ‘बाई’ किंवा ‘राव’) तो माझ्यात भरायच्या. किडलेल्या दाताचा कोड ‘सी’. कीड वरवरची असेल तर सी-एक, आत गेली की सी-दोन, मग तीन, शेवटी चार. उपचारांचे कोड वेगळे आणि प्रत्येकाला ठरलेले गुण, त्या गुणांवरून विम्याचे पैसे. महिनाअखेरीस मी सगळं छापून द्यायचो आणि ते विम्याच्या कचेरीत जायचं. आकडा चुकला की कागद परत. माझे कागद सहसा परत यायचे नाहीत, याचा मला भारी तोरा होता.

एका शनिवारी सुहासिनीबाई आल्या. सोबत यजमान नंदकिशोर, पुण्याहून आलेले सॉफ्टवेअर इंजिनिअर. बाईंची उजवी दाढ पुण्यातच काढून झाली होती, आता डावी ठणकत होती. “हीसुद्धा काढली तर मी चावू कशानं?” असं पुन्हा पुन्हा विचारत त्या खुर्चीत बसल्या. तेव्हा मला मराठी कळत नव्हतं. पण पुढच्या खेपांना बाईंनी हा किस्सा येणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाला इतक्यांदा ऐकवला, की मलाही भाषा येऊ लागली.

सेन्सेईंनी दाढ ठोकून पाहिली, एक्स-रे पाहिला आणि मोरी-सानना मोठ्यानं सांगितलं, “शी-सान.”

बाई ताडकन उठल्या आणि गळ्यातल्या कागदी रुमालासकट दाराशी पोचल्या.

“अहो, चला घरी! माझं तोंड बघून हा माणूस शी म्हणाला!”

“अगं, तुझ्या ऐकण्यात चूक झाली असेल.”

“चूक कसली? शी तर शी, वर सान लावतोय! तुम्ही ऑफिसात नंदकिशोर-सान आणि मी इथे शी-सान?”

सेन्सेई गोंधळले. मोरी-सान रडकुंडीला आल्या. शेवटी त्यांनी माझा पडदा नंदकिशोरांकडे वळवला. मी हिरव्या अक्षरांत स्वच्छ दाखवलं: C3.

नंदकिशोर कपाळाला हात लावून हसत सुटले. “अगं, यांच्या जिभेवर सीची शी होते. आणि सान म्हणजे तीन! तुझ्या दाढेचा कोड आहे तो, सी-तीन!”

बाईंचा राग गेला, पण तोंडचं पाणी पळालं. “तीन म्हणजे? काढणार का हो?”

नंदकिशोरांनी मोडक्या जपानीत तेच विचारलं. सेन्सेईंनी चार बोटं दाखवून दाढ उपटल्याचा अभिनय केला. मग एक बोट दुमडलं आणि जोरजोरात नकाराची मान हलवली. चार असती तर बहुधा काढावीच लागली असती. तीनमध्ये कीड आतल्या नसेला भिडलेली असते. ते साफ करून वर टोपी बसवली की दाढ राहते.

“राहते?”

“राहते गं!”

बाईंचा जीव भांड्यात पडला. त्या मटकन खुर्चीत बसल्या. ‘शी’चा मराठी अर्थ कळल्यावर सेन्सेई कानापर्यंत लाल झाले. पुढे बाईंपुरतं तरी ‘सी’ म्हणायची त्यांनी शिकस्त केली. निघायची शीच, आणि बाई उघड्या तोंडानंच हसायच्या.

आता माझी जागा रंगीत पडद्याच्या यंत्रानं घेतली आहे आणि मी मागच्या खोलीत पडून असतो. धूळ पुसायलाही कोणी येत नाही, याचं वाईट वाटतं. मित्रांनो, जुन्या यंत्रांवर कधीतरी फडकं फिरवत जा. न कळलेल्या शब्दावर रुसण्याआधी त्याचा अर्थ विचारा. आणि दात दुखला तर लपवू नका, सी-एकलाच दवाखाना गाठा. दात काढल्याचा कोड मी पुष्कळांच्या नावापुढे छापला आणि दर वेळी हळहळलो. सुहासिनीबाईंच्या नावापुढे मात्र तो मला कधीच छापावा लागला नाही.