शिफ्टवाल्याचा मोदक

शैलेंद्रने माइक हातात घेतला, तसा लतिकाने पर्समधून मोबाइल काढून मांडीवर ठेवला. पोस्ट लिहून तयार होती. बोट टेकवायचं तेवढं बाकी होतं.

जबलपुरातल्या गोरखपूर भागातल्या मराठी मंडळाचा हॉल गणपतीनिमित्त भरला होता. शैलेंद्र मंडळाचा सचिव, आणि लतिकाच्या मते अट्टल चोर. लतिका वर्षानुवर्षं जबलपुरातल्या मराठी घरांच्या चालीरीतींवर ब्लॉग लिहायची. लोकांच्या स्वयंपाकघरात जाऊन बसायची, कोणी काय सांगितलं ते नावानिशी मांडायची. शैलेंद्र ते लेख उचलायचा, नावं गाळायचा आणि स्मरणिकेत स्वतःच्या नावावर छापायचा. एकदा तिने जाब विचारला, तर चारचौघांत हसून म्हणाला,

"अहो वहिनी, संस्कृती काय कोणा एकट्याची असते?"

लोकही हसले. लतिकाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती आग आजही विझली नव्हती.

तिने ब्लॉग बंद केला आणि मोबाइलवर चार-चार ओळी टाकायला लागली. ना संदर्भ, ना कोणाचं नाव. भाजी निवडताना सुचलं, टाकून दिलं.

"इतकं छान लिहायची तू, आता हे तुकडे काहून टाकून राहिली?" तिचा नवरा नीलकंठ म्हणाला.

"मासे तुकड्यालाच येतात."

असाच एक तुकडा तिने टाकला: फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये आरतीनंतर पहिला मोदक शिफ्टवर गेलेल्या माणसासाठी काढत, त्यावर दूर्वा ठेवत, आणि तो घरी आल्याशिवाय कोणी मोदक खात नसे. अशी चाल कुठेच नव्हती. कुकरच्या दोन शिट्ट्यांमध्ये तिने ती रचली होती. मासा लागलाच. आज शैलेंद्र 'माझ्या आजीचा गणपती' या विषयावर बोलणार होता, आणि 'शिफ्टवाल्याचा मोदक' हे त्यातलं आकर्षण असल्याचं त्याने मंडळाच्या ग्रुपवर कालच कळवलं होतं. मांडीवरच्या पोस्टमध्ये लिहिलं होतं: 'ही चाल मी रचली. सचिवांच्या आजीला ती कुठून कळली?'

"आजोबा शिफ्टवरून येईपर्यंत आजी आम्हा पोरांना मोदकाला हात लावू द्यायची नाही," शैलेंद्र सांगत होता. नेमक्या जागी त्याने डोळेही टिपले.

लतिकाला मनातून उकळ्या फुटत होत्या. तिने बोट उचललं.

"काहून रे शैलेंद्र," पुढच्या रांगेतून कुंदाआजींचा आवाज आला. "तुझे आजोबा कधी शिफ्टला गेले? सदर बाजारात कापडाचं दुकान होतं ना त्यांचं?"

हॉल खदखदून हसला. तेच हसू, पण आता त्याच्यावर. लतिकाने ते चवीने ऐकलं.

"म्हणजे, आजूबाजूला चालायचं तसं..." शैलेंद्र चाचरला.

"आमच्या घरी चालायचं." कुंदाआजी खुर्चीला धरून उभ्या राहिल्या. "यांची नाइट असली का मी काढून ठेवायची. हे गेले त्या वर्षीही ठेवला. सकाळी मीच खाल्ला."

आता कोणी हसलं नाही. लतिका आजींकडे बघतच राहिली. ब्लॉगसाठी ती आजींच्या ओट्यापाशी कितीदा बसली होती. 'आमच्याकडे गणपती कधी बसलाच नाही, तो नागपूरला मोठ्या दिरांकडे,' हे आजींनीच तिला सांगितलं होतं.

"लतिका, तू लिहिते ना? हे लिही. माझं नाव टाकून लिही." आजींचे डोळे भरले होते.

शैलेंद्रला गाडायला ती एक पोस्ट पुरेशी होती. पण आता आजीही त्याच्यासोबत गाडल्या गेल्या असत्या. लतिकाने दातओठ खात एकेक अक्षर पुसलं. मग लिहिलं: 'शिफ्टवाल्याचा मोदक ही चाल कुंदाआजींच्या घरची. त्यांनी स्वतः सांगितली.' आणि बोट टेकवलं.

आरती झाली. शैलेंद्र प्रसादाचं ताट घेऊन रांगेतून फिरत आला. त्याने आजींना मोदक दिला, लतिकापुढे ताट धरलं आणि स्वतःसाठीही एक मोदक उचलला.

"तो ठेवा," लतिका हळूच म्हणाली. "शिफ्टवाला घरी आल्याशिवाय खायचा नसतो."

कुंदाआजी त्याच्याकडेच बघत होत्या. शैलेंद्रने मोदक परत ताटात ठेवला.