कानाची खूण

"काका, नेटला कशाला शिव्या देता? आधी मोजू ना," नवीनच नोकरीला लागलेली तनुजा भिकनला म्हणाली.

उस्मानपुऱ्यातल्या त्या लहानशा सॉफ्टवेअर कंपनीत सकाळपासून कुणाच्या ना कुणाच्या नावाने शंख चालला होता. दवाखान्याच्या प्रोग्रॅममध्ये पेशंटचं नाव शोधायला चाळीस सेकंद लागत होते. मालक आप्पासाहेबांच्या मते सर्व्हर म्हातारा झाला होता. भिकनच्या मते दोष नेटचा. देवगाव रंगारीच्या धनगराचा हा मुलगा टायपिस्ट म्हणून आला आणि बघून बघून प्रोग्रॅम लिहायला शिकला. पण प्रोग्रॅम वेळ कुठे घालवतो हे मोजता येतं, हे त्याला पन्नाशीला टेकल्यावर आज कळत होतं. तो खुर्ची ओढून पडद्यात डोकावला.

"ही प्रोफायलरची यादी. कोणत्या कामाला किती वेळ लागला, ते सगळं."

"नेटला किती?"

"अर्धा सेकंद."

"आन् सर्व्हरला?"

"दोन."

"मंग बाकीचा गेला कुठं?" भिकनला आता राहवेना.

तनुजाने सगळ्यात वरच्या ओळीवर बोट ठेवलं. 'नाव जुळवणे'. सदतीस सेकंद.

"हे दिवे कुणी लावले?" मागे उभ्या आप्पासाहेबांनी विचारलं. "काढून टाका ते. आणि लिहिणाऱ्यालाही काढा."

भिकन गप्प बसला असता तर नोकरी वाचली असती. कोडवर कुणाचं नाव नव्हतं.

"लिहिणारा मीच, सर. मला काढा, पर ते नाव जुळवणं नका काढू. ह्याच दवाखान्यात बाप ॲडमिट व्हता. चिठ्ठीवर कडुबा, कंप्युटरात कडूबा. एवढ्या उकारापायी खिडकीवरची बाई म्हणली, असा पेशंटच नाय. तिसऱ्या दिवशी रिपोर्ट घावला. तवर लई उशीर झाला व्हता. म्हून हे लिवलं, उकार चुकला तरी नाव घावावं."

आप्पासाहेब खुर्ची घेऊन भिकनशेजारी बसले. तनुजा यादी खाली सरकवत होती.

"काका, ऐंशी हजार नावांची सगळी रूपं तुम्ही दर वेळी नव्याने बनवताय."

"दर येळी?" भिकनने कपाळावर हात मारला. "आरं देवा! मेंढराच्या कानाला खूण एकदाच करत्यात की. रोज कोण कान कापतंय?"

तनुजाला हसू फुटलं. मग दोघं कामाला लागली. जुन्या नावांची एकदाच, नव्या नावांची नोंदवतानाच खूण लिहून ठेवायची. उकार ऱ्हस्व असो की दीर्घ, खूण एकच. दुपारी जेवायच्या आत झालंसुद्धा.

"टाका एखादं नाव, भिकनराव," आप्पासाहेब म्हणाले.

भिकनने ऱ्हस्व उकार देऊन बापाचं नाव टाकलं, बटण दाबलं आणि चाळीस सेकंदांच्या सवयीने पाण्याची बाटली उचलली. झाकण फिरवायच्या आत कडूबा समोर हजर: गाव, वय, वॉर्ड.

"आलं की लगेच!" तनुजा म्हणाली.

"व्हय," भिकन म्हणाला. "आलं." त्याचे डोळे भरून आले, आणि पाणी प्यायचं राहूनच गेलं.