जलगुरूंचा अक्षय धातू

"मागे सरका, ज्वाला येतेय!"

वेल्डिंगच्या वर्कशॉपमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. जलगुरूंनी तांब्याच्या जाळीत बांधलेला खडा पाण्याच्या बाटलीत सोडला. बुडबुडे उसळले. काडी लावताच बाटलीच्या तोंडाशी पिवळी ज्योत भडकली आणि लोकांनी हात जोडले.

"अक्षय धातू! झिजत नाही, विटत नाही. पाणी याला भिऊन आपणहून इंधन सोडतं!"

पाणी कधीपासून भ्यायला लागलं, हे विचारायची सोय नव्हती. कारण वर्कशॉपचा मालक, म्हणजे आमचा दादा, भारावून डोळे पुसत होता. तीस वर्षं घाम गाळून उभं केलेलं वर्कशॉप तो आज गुरूंच्या इंधन-केंद्राला देऊन टाकणार होता. किल्ल्या हातात तयार होत्या.

तेवढ्यात ताई आली. पाणी फोडून त्यातून इंधनाचा वायू काढायला मदत करणारे धातू शोधणं हे तिचं प्रयोगशाळेतलं काम.

"तू सात वर्षं झटतेयस," दादा म्हणाला, "यांनी बघ, चुटकीसरशी केलं!"

ताईने नाक मुरडलं. "दादा, वास कसला येतोय?"

"कसला? आपला रोजचाच."

ताई हसली. "माझ्या धातूच्या पत्र्याला उन्हापासून केलेली वीज द्यावी लागते, तेव्हा कुठे पाणी फुटतं. पण काम करून पत्रा शिल्लक राहतो. गुरुजी, तुमचा धातू झिजत नाही ना? मग हाच खडा नव्या पाण्यात टाका."

"धातूला विश्रांती लागते, बाळ!"

"सात वर्षांत मला नाही मिळाली," म्हणत तिने मंदावत चाललेली ज्योत विझवली आणि जाळी काढून उघडली. आत नुसता पांढरा चुना! दादाने तो बोटावर घेऊन हुंगला आणि कोपऱ्यातल्या डब्याकडे धावला. झाकण अर्धवट उघडं होतं.

"अहो, हा तर माझाच कार्बाइड!"

कार्बाइडला पाणी लागलं की जळणारा वायू निघतो. त्याच वायूवर दादा रोज लोखंड जोडतो. तो वास त्याच्या नाकात इतका मुरलेला की त्याला वेगळा जाणवलाच नाही, आणि बाकीच्यांना वाटलं, वर्कशॉप आहे, वास येणारच. गुरूंनी जागा अचूक हेरली होती. हशा पिकला, तोवर ते मागच्या दाराने पसार झाले होते.

दादाने ओशाळून किल्ल्या खिशात टाकल्या. "तुझं कधी जमेल गं?"

"माहीत नाही. बुडबुडे येतात, पण पत्रा महिन्याभरात खराब होतो."

त्या 'माहीत नाही'चा मला फार अभिमान वाटला. पाण्यापासून इंधन मिळेलही, पण ते अशाच खटपटीतून. म्हणून सांगतो, कोणी चमत्कार दाखवला तर हात जोडण्याआधी त्याला तेच पुन्हा करायला सांगा. आणि वास रोजचाच वाटला, तर जरा बाहेर जाऊन परत आत या.