मुंगसाच्या रस्त्यातली भिंत

मित्रांनो, भिंतीला कान असतात हे अगदी खरं आहे. मी शहरातल्या एका सोसायटीची जुनी कुंपणभिंत आहे आणि आजवर मी भरपूर ऐकलंय! एका तरुण गवंड्याने मला विटेवर वीट रचून उभं केलं. पावसाचं पाणी बाहेर जावं म्हणून पायाशी वीतभर भोक ठेवलं. मी चेंडू झेलले, चादरी वाळवल्या, चोर अडवले. "काय भक्कम आहे!" म्हणून लोक मला थोपटायचे. मग पोपडे निघाले आणि थोपटणं थांबलं.

त्या भोकातून मात्र एक मुंगूसबाई रोज ये-जा करायच्या. आत टाकीमागच्या लाकडांच्या ढिगात त्यांची तीन पिल्लं होती, बाहेर नाल्याकाठी शिकार.

एका सकाळी सेक्रेटरीकाकांनी त्याच गवंड्याला बोलावलं. आता तो सगळ्यांचा गवंडीमामा झाला होता. "हे भोक बुजवा. साप शिरला तर?" मामांनी विटेचा तुकडा ठोकला, वर सिमेंट फिरवलं नि गेले. कोण आत, कोण बाहेर, कुणी पाहिलंच नाही.

दुपारी मुंगूसबाई परतल्या आणि सिमेंटवर नखं घासू लागल्या. माझ्या डोक्यावर चोरांसाठी नंतर बसवलेल्या काचा, फाटकाशी कुत्री. आत पिल्लं भुकेने चिरचिरत होती आणि मधे मी! आयुष्यात पहिल्यांदाच मला माझ्या भक्कमपणाची लाज वाटली.

संध्याकाळी मामा सिमेंटवर पाणी मारायला आले. ओरखडे दिसले, आतली चिरचिर कानी आली, तसा त्यांनी पाइप टाकला नि छिन्नी काढली.

"अहो, सकाळचं काम मोडताय?" सेक्रेटरीकाका धावत आले.

"मोडतोय. लेकरं आत ठेवून आईच्या तोंडावर दार लावलं मी."

"आणि साप?"

खिडकीतून शिंपीणकाकू ओरडल्या, "भावोजी, सापाला घाबरता आणि मुंगसाला हाकलता? धन्य आहे!"

काका हसले नाहीत, पण बाजूला झाले. भोक मोकळं झालं. सगळे लांब गेल्यावर मुंगूसबाई सुळकन आत शिरल्या आणि चिरचिर थांबली.

माझं भोक आता वेडंवाकडं दिसतं. दिसू दे! मित्रांनो, शहरात वाघ आणा असं मी म्हणत नाही, त्याचा इथे जीव गुदमरेल. पण मुंगसाला, बेडकाला, घुबडाला कितीशी जागा लागते? भिंती खुशाल बांधा. फक्त भोक बुजवण्याआधी एकदा वाकून बघा, आत कुणी आईची वाट बघतंय का.